घर, ऑफिस आणि पनवेल लोकल : मधली भिंत कोणी बांधली, कोणी पाडली?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

"आमच्या वेळी ऑफिस ऑफिसात असायचं आणि घर घरात. या मोबाईलने सगळा काला केला." सोसायटीच्या मीटिंगपासून वडाळे तलावावरच्या सकाळच्या फेरीपर्यंत हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. तक्रार खरी आहे. रात्री साडेदहाला भाकरी मोडताना साहेबांचा मेसेज येणं, रविवारी नातेवाइकांकडे जाताना पाठीवर लॅपटॉपची बॅग असणं, लोकलमध्ये शेजारचा माणूस मोठ्याने क्लायंटला आकडे सांगत असणं हे आपण सगळे रोज बघतोय.

पण त्या वाक्यातली "आमच्या वेळी" म्हणजे नक्की कधी, हे तपासून बघावंसं वाटलं. घर आणि काम यांच्यातली भिंत काही अनादी काळापासून उभी नव्हती. ती साधारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांत बांधली गेली आणि आपल्याच डोळ्यांदेखत पडतेय. ही सगळी गोष्ट एका गावात बघायची असेल तर पनवेलसारखं गाव नाही. बंदर, घाटरस्ता, टपाल, रेल्वे, सिडको, एक्स्प्रेसवे, आता विमानतळ : दर पिढीला इथे एक नवीन तंत्र आलं आणि त्याने लोकांचं घर, काम आणि रस्ता यांची मांडणी बदलली.

हा विषय नुसता आठवणींचाही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांमधली दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १० आणि कारखान्यांमधली ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असं सांगितलं गेलं. या चर्चेत भाग घ्यायचा तर हे ९ तास आणि ४८ तास आले कुठून, ते माहीत हवं.

भरतीचं घड्याळ

जुनं पनवेल डोळ्यांसमोर आणा. नगरपालिका १८५२ ची, म्हणजे रेल्वे येण्याच्याही आधीची. त्या काळात मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने खाडीतून पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून बोरघाटाच्या वाटेला लागायचा. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, तसं पनवेल हे बैलगाड्यांचं गाव झालं. भात, मीठ, लाकूड यांचा व्यापार आणि गाड्यांची चाकं बनवण्याचा धंदा. टपालही याच वाटेने जायचं. टपाल नाक्यावरून आपण रोज जातो, पण त्या नावात 'टपाल' का आहे याचा विचार कितीजण करतात?

या गावात घर आणि काम वेगळं नव्हतं. पुढे दुकान, मागे राहणं, वर माळ्यावर माल. सुताराचं चाक अंगणातच तयार व्हायचं. ओटा हा घराचा भाग, दुकानाचा भाग आणि रस्त्याचाही भाग. तिथे गिऱ्हाईक बसायचं, तिथेच आजोबा पोथी वाचायचे आणि येणारा-जाणारा तिथेच टेकायचा.

म्हणजे आज ज्याला आपण 'सीमारेषा पुसट होणं' म्हणतो, ते तेव्हा रोजचंच होतं. मग लोक चोवीस तास कामात बुडालेले होते का? नाही, कारण कामाला बाहेरून लगाम होता. बंदराचं काम भरतीवर चालायचं. भरतीचा हिशोब कोकणात पोरासोरांनाही येतो : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. भरतीला होडी वर येणार, ओहोटीला चिखलात रुतणार. ही वेळ रोज पाऊण तासाने सरकते. हमालाला कधी पहाटे काम, कधी दुपारी. पण पाणी ओसरलं की काम संपलं. मिठागरावरचं काम पावसाळ्यात बंद. सुताराचं काम उजेड गेला की बंद.

या जगाचं गोडवं गायचं कारण नाही. जातीने धंदा ठरलेला, वेठ आणि कर्ज होतंच, आणि घरातल्या बायकांचं काम ना भरतीला थांबायचं ना ओहोटीला. मला त्यातला एकच मुद्दा उचलायचाय. काम घरात असणं ही अडचण नव्हती. काम कधी थांबणार हे ठरवणारं काहीतरी मालकाच्या हाताबाहेरचं होतं.

ऑफिस नावाची नवी जागा

१८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६३ ला बोरघाटातून गाडी धावू लागली, पण ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. पुढची शंभर वर्षं रेल्वे आपल्याकडे आलीच नाही. रूळ पोचले ते १९६० च्या दशकात.

गाडी आली नाही, पण गाडीने निर्माण केलेलं जग मात्र आलं. सरकारी कचेऱ्या, रेल्वेची ऑफिसं, गिरण्या. इथे काम म्हणजे घरापासून लांब असलेली एक इमारत, ठरलेली वेळ आणि वरचा साहेब. आपल्या तालुक्याने या नव्या व्यवस्थेची किंमत फार लवकर मोजली.

वासुदेव बळवंत फडके आपल्या शिरढोणचे, जन्म १८४५. नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, म्हणून ते सगळ्यांना क्रांतिकारक म्हणून माहीत आहेत. पण त्याआधी ते कारकून होते, पुण्याला लष्करी हिशेब खात्यात. त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितला जाणारा प्रसंग असा : आई आजारी असल्याचं कळलं, त्यांनी रजा मागितली, रजा वेळेत मिळाली नाही आणि ते पोचेपर्यंत आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बंड, अटक, जन्मठेप आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात मृत्यू.

त्यांच्या बंडाचं कारण नुसती रजा होती असं कोणी म्हणणार नाही. दुष्काळ आणि सरकारचा कारभार ही मोठी कारणं होती. पण या प्रसंगात नव्या काळाची एक खूण दिसते. टपाल वेगाने येत होतं, घाटातून रेल्वे धावत होती, पुण्याहून कोकणात उतरायला पूर्वीइतके दिवस लागत नव्हते. अंतर कमी झालं होतं. मधे उभा होता तो रजेचा अर्ज. घरी जायची परवानगी दुसऱ्याकडे मागावी लागते, ही गोष्ट ओट्यावरच्या सुताराला समजलीही नसती.

त्याच काळात कोकणात 'चाकरमानी' हा माणूस तयार झाला. काम मुंबईत, घर गावी. १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणातल्या किती घरांच्या चुली त्या पैशांवर पेटत राहिल्या. वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला घर आणि माणूस एकत्र यायचे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आपल्या एसटी स्टँडवर आणि पळस्पे फाट्यावर जी गर्दी उसळते, ती त्याच व्यवस्थेची शिल्लक आहे.

इथे पनवेलमध्येही घरातलं काम हळूहळू बाहेर पडत होतं. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरची सुरुवात आपल्या गावात केली. वैद्याने घरी खलबत्त्यात औषध कुटून द्यायचं, ही पद्धत शतकानुशतकं चालत आलेली. त्याचं कारखान्यात उत्पादन, बाटलीबंद आणि गावोगाव विक्री हे नवीन होतं.

दिवा आला, रात्र गेली

आता जरा मुंबईला जाऊ, कारण आपल्या कामाच्या तासांची लढाई तिथे झाली.

गिरण्यांमध्ये सुरुवातीला काम सूर्यावर चालायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान. आठवड्याची सुट्टी अशी नाहीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आपण ज्या रविवारी कोंबडी आणायला रांग लावतो, तो रविवार कोणीतरी मागून घेतलेला आहे.

मग विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमाराला मुंबईतल्या अनेक गिरण्यांमध्ये वीज आली आणि सूर्य मावळला तरी यंत्रं थांबेनात. चौदा-पंधरा तास काम सुरू झालं. दिव्याने कामगाराचं काम सोपं केलं नाही. मालकाला त्याची संध्याकाळ वापरता येऊ लागली, एवढंच झालं. माझ्या मते आजच्या मोबाईलचा सख्खा पूर्वज टेलिफोन नाही, गिरणीतला विजेचा दिवा आहे.

त्याच वेळी घड्याळावरूनही भांडण पेटलं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती 'मुंबई टाइम'पेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणीचं घड्याळ पुढे सरकवलं म्हणजे कामगाराला ३९ मिनिटं आधी उठणं आलं, आणि याविरुद्ध जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी निषेध केला. मुंबईने पुढे पन्नाशीच्या दशकापर्यंत आपली वेगळी वेळ काही ना काही ठिकाणी जपली. आज हसू येतं, पण त्या लोकांना एक गोष्ट स्पष्ट कळत होती : घड्याळ ज्याच्या हातात, दिवस त्याचा.

दिव्यांवरच्या ओरड्यानंतर चौकशी समित्या बसल्या. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांमधल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा आली. १९२२ ला दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास. १९३४ ला १० आणि ५४. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठ तासांच्या दिवसाचा विषय पुढे रेटला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ४८ वर आले. १९४८ च्या कारखाने कायद्याने ९ तास आणि ४८ तास पक्के केले.

दिवा १९०५ ला आला आणि त्याला पुरेसा लगाम बसायला १९४६ उजाडलं. चाळीस वर्षं. तंत्र एका हंगामात येतं, कायदा एका पिढीनंतर येतो, आणि मधली पिढी भरडली जाते. आज त्या मधल्या पिढीत आपण आहोत.

बायकांना विचारा

'घर म्हणजे विसावा, ऑफिस म्हणजे काम' ही वाटणी पुरुषांनी केलेली आहे, हेही बोललं पाहिजे. बाईसाठी घर हे कायमच कामाचं ठिकाण होतं. त्यात पैसे मिळणारं कामही असायचं.

१९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. पद्धत अशी : सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घ्यायचं, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. आजच्या भाषेत चक्क वर्क फ्रॉम होम. पण किती काम घरी न्यायचं हे सकाळीच वजनावर ठरायचं. रात्री दहा वाजता आणखी दोन किलो पीठ दारात येऊन पडायचं नाही.

सिन्नर-सोलापूरकडच्या विडी कामगार बायकाही घरीच विड्या वळायच्या. तिथे शोषण भरपूर होतं : पानं कमी देणं, विड्या खराब म्हणून बाजूला काढणं. पण १९६६ मध्ये विडी-सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाई कायद्याच्या नजरेत कामगार झाली. "घरातल्या कामाला कायदा कसा लावणार?" असं जे आज म्हणतात, त्यांना हे उदाहरण द्यावं. जागतिक मजूर संघटनेने १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला. त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

सिडकोचा नकाशा आणि आपली लोकल

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडे नवीन शहर वसवायची कल्पना मांडली. मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं या प्रकल्पात आली. विचार चांगला होता : प्रत्येक नोडमध्ये घरंही असतील आणि रोजगारही असेल, माणसाने मुंबईकडे धावू नये.

यात दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट गावठाणातल्या लोकांची. आगरी-कोळी कुटुंबांचं शेत, मिठागर, खाडी हे सगळं घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. जमीन गेली तेव्हा त्यांचं शेत आणि कामावर जायची पायवाट दोन्ही एकदम गेलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि पुढे साडेबारा टक्के जमिनीची योजना आली. घर आणि काम वेगळं होणं म्हणजे काय, हे या लोकांनी पुस्तकात वाचलेलं नाही.

दुसरी गोष्ट नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघरला राहायला आलेल्यांची. घरं आली, पण पुरेशा नोकऱ्या त्या मानाने आल्या नाहीत. तळोजा आणि पाताळगंगा एमआयडीसीच्या कंपनी बस नाक्यानाक्यावर थांबायच्या हे खरं, पण हजारो लोकांची ऑफिसं मुंबईतच राहिली. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि आपण कायमचे सव्वा-दीड तासाचे प्रवासी झालो. पनवेल ते सीएसएमटी सुमारे ४९ किलोमीटर. जाऊन येऊन दिवसाचे तीन तास.

या तीन तासांना आपण कधी मोजलंच नाही. मालकाच्या हिशोबात ते काम नव्हतं, बायकोच्या हिशोबात ते घर नव्हतं. पण तो काळ माणसाचा स्वतःचा होता. पनवेलहून गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळायची, हा आपला मोठेपणा. डब्यात भजनं व्हायची, पत्ते पिसले जायचे, लेडीज डब्यात भाजी निवडली जायची, दसऱ्याला डब्याला हार चढायचा. म्हणजे तिथेही सीमा पुसटच होती. घर डब्यात येत होतं, देऊळ डब्यात येत होतं. आणि ते प्रवाशांनी स्वतःच्या मर्जीने आणलेलं होतं.

फोन फुकट झाला

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. सुरुवातीला फोन महाग होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. ही तारीख मला कामाच्या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. जोपर्यंत कॉल घेणाऱ्याच्या खिशातून पैसे जात होते, तोपर्यंत उगाच फोन करायला समोरच्यालाही संकोच वाटायचा. तो संकोच म्हणजे एक प्रकारची भिंतच होती. मग २०१६ पासून डेटा इतका स्वस्त झाला की मेसेज, फोटो, व्हिडिओ मीटिंग या कशालाच वेगळी किंमत उरली नाही. ज्याला किंमत नाही, ते माणूस कितीही मागतो.

गंमत बघा, २०२० पर्यंत सरकारी नियमच कॉल सेंटरवाल्यांना घरून काम करू देत नव्हते, निदान सहजासहजी नाही. दूरसंचार विभागाच्या नियमांत परवानग्या आणि बँक हमीसारख्या अटी होत्या. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या सैल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी बहुतेक काढूनच टाकल्या. घर आणि ऑफिस यांच्यातली कागदावरची भिंतही तेव्हा गेली.

आणि लॉकडाऊन आपण सगळ्यांनी भोगलंय. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद. जूनच्या मध्यात अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात वन बीएचकेमध्ये आईची ऑनलाइन मीटिंग बेडरूमला, मुलाची शाळा हॉलमध्ये, बाबा इअरफोन लावून जिन्यात, आणि आजी म्हणतेय की टीव्हीचा आवाज तरी करू द्या. ज्यांचं काम घरून होण्यासारखं नव्हतं, ते सफाई कामगार, नर्स, बस ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले बाहेरच होते.

लोकल परत सुरू झाली तेव्हा डबा बदललेला होता. आज सकाळच्या गाडीत बघा. भजनी मंडळं काही ठिकाणी टिकून आहेत, पण आजूबाजूला लॅपटॉप उघडलेले असतात. जुईनगर येईपर्यंत अर्ध्या डब्याचं अर्धं ऑफिस झालेलं असतं. ते तीन तास, जे कोणाचेच नव्हते म्हणून आपले होते, तेही गेले. आणि ते कामाच्या तासांत धरलेले नाहीत, ही खरी मेख आहे.

दुसरं टोक रस्त्यावर आहे. ओरियन मॉलपासून खारघरच्या चौकापर्यंत कुठेही बघा, बाईकवर बसलेली डिलिव्हरीची पोरं फोनकडे डोळे लावून असतात. त्यांच्यासाठी फुटपाथ हेच ऑफिस. त्या ऑफिसला छप्पर नाही, पाणी नाही, संडास नाही. सोसायटीच्या गेटवर आपण त्यांच्याकडून नाव-नंबर लिहून घेतो आणि लिफ्ट वापरू नका म्हणतो. पनवेलच्या जुन्या ओट्यावर निदान टेकायला जागा होती.

मग आता काय?

घरून कामाला मी नावं ठेवणार नाही. ज्या पनवेलकराचा रोजचा तीन तासांचा प्रवास वाचला, त्याला विचारा. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागली असती अशा कितीतरी बायका घरून काम करता आलं म्हणून टिकल्या. म्हाताऱ्या आईवडिलांकडे लक्ष देता आलं. हे सोडून सगळ्यांनी परत साडेसातची गाडी पकडावी, असं म्हणणं शहाणपणाचं नाही.

पण इतिहासाने जे दाखवलं ते विसरू नये. वाड्यात काम घरातच होतं, पण भरती-ओहोटी त्याला थांबवत होती. लिज्जतमध्ये काम घरी होतं, पण पिठाचं वजन ठरलेलं होतं. कारखान्यात भोंगा होता आणि भोंग्यामागे कायदा होता. आजच्या मोबाईलमागे यातलं काहीच नाही. काम कुठे करायचं हा वाद आपण जोरात घालतोय, आणि काम कधी थांबणार हा प्रश्न तसाच पडून आहे.

जगात उत्तरं शोधली जातायत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कामगारांशी बोलून नियम ठरवावे लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये असा हक्क लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकं क्वचितच कायदा होतात, पण लोखंड्यांचे अर्जही पहिल्या वर्षी मान्य झाले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि घरातून काम करणारे यांची व्याख्या आहे. व्याख्या झाली, आता त्या व्याख्येतल्या माणसाच्या पदरात काय पडतं ते बघत राहायला हवं.

आणि दिल्ली-मुंबईची वाट न बघता पनवेलमध्ये काय करता येईल? महापालिका २०१६ मध्ये झाली, म्हणजे तरुण आहे, नवीन पायंडे पाडू शकते. माझ्या तीन मागण्या :

एक, प्रत्येक प्रभागात अभ्यासिकेसारखी, पण नोकरदारांसाठीही खुली अशी जागा. टेबल, वीज, इंटरनेट आणि शांतता. वन बीएचकेमधल्या माणसाला घराच्या बाहेर, पण घराजवळ काम करता यावं, आणि तिथून उठून घरी जाता यावं. दार रात्री ठरलेल्या वेळी बंद होईल, हेही महत्त्वाचं.

दोन, डिलिव्हरीवाल्या मुलांसाठी आणि रिक्षावाल्यांसाठी मोठ्या चौकांत सावली, बाक, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह. हा मोठा खर्च नाही. सोसायट्यांनीही गेटजवळ एक बाक टाकावा.

तीन, कामाच्या तासांबद्दलच्या प्रत्येक नव्या दुरुस्तीवर आमदार-खासदारांना एकच साधा प्रश्न विचारा : रात्रीचे फोन आणि मेसेज या तासांत मोजले जाणार का? मोजले जाणार नसतील, तर ९ तास असोत की १०, तो आकडा कागदावरचाच आहे.

विमानतळ सुरू झालाय. त्याच्याबरोबर चोवीस तास चालणारं शहर येणार, रात्रपाळ्या वाढणार, हॉटेलं, गोदामं, कॅब वाढणार. बंदराच्या गावाला रात्री-अपरात्री काम करणं नवीन नाही. पण विमानाला ओहोटी नसते. त्यामुळे थांबायची वेळ यापुढे आपल्यालाच ठरवून घ्यावी लागेल, आणि ती आत्ता, सुरुवातीलाच ठरवलेली बरी.

तुमच्या घरात कामाचा शेवटचा फोन साधारण किती वाजता येतो, ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त वेळ आणि तुम्ही कुठल्या प्रकारचं काम करता तेवढंच. पुरेशी उत्तरं जमली तर यादी करून ती आपल्या लोकप्रतिनिधींकडे घेऊन जाऊ. आणि जुन्या पनवेलमधल्या ज्येष्ठांना विनंती : बंदरावरच्या, चाकांच्या सुतारांच्या, ओट्यावरच्या दुकानांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. त्या कुठे छापलेल्या सापडत नाहीत.